सातचं पिवळं पाणी

खोलीचं दार उघडलं आणि मीरान उंबऱ्यातच थबकली. दिव्यांखालची भांगेची कलमं माना टाकून पडली होती. एका मांडणीवरची नव्हे, सगळ्या मांडण्यांवरची. पानं पिवळट, देठ मऊ, आणि उपटून पाहावं तर एकालाही मूळ नाही.

"ही तिसरी खेप," मागून व्यवस्थापक प्यो म्हणाला. सोलहून आलेला, एरवी फार टापटिपीचा माणूस, पण आज त्याच्या शर्टाचं बटणही वरखाली लागलं होतं. "दुपारी पोलीस येतायत, मॅडम. कळवणं भाग होतं मला."

का भाग होतं, ते सांगतो. कोरियातल्या आमच्या आन्दोंगमध्ये भांग म्हणजे पूर्वापार कापडाचं झाड. तिच्या सालीचं कापड आमची म्हातारी माणसं स्वतःच्या कफनासाठी विणून ठेवतात. आता त्याच भांगेपासून औषध काढायचा परवाना मिळालाय, तेही बंद खोलीत, दिव्याखाली, कॅमेऱ्यापुढे. एकेका कलमाला क्रमांक. मेलं तरी मोजूनच जाळायचं. इतकी कलमं एकदम मरायला लागली की संशय एकच येतो: मेल्याच्या नावाखाली जिवंत माल बाहेर जातोय. आणि अमली पदार्थाच्या भानगडीत नाव आलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी दारात उभं करत नाही हो!

नाव कोणाचं येणार, तेही ठरून गेलं होतं. थ्वीचं.

थ्वी व्हिएतनामहून लग्न करून आमच्या गावात आलेली. नवरा ट्रॅक्टरखाली गेला. पदरात सहा वर्षांची दासोम, घरात सासू बुन्नाम. कलमांचं पाणी थ्वीच बनवायची. तिच्यावर गुन्हा लागला की राहण्याचा परवाना रद्द, मग हद्दपारी. आणि दासोम? ती इथलीच, ती इथेच राहणार. खालच्या आळीतल्या एका सुनेचं अगदी असंच झालं होतं. तिचा मुलगा आता आजोबांना 'आई कधी येणार' असं विचारतसुद्धा नाही.

मीरान पोलीस नव्हती. जिल्ह्याच्या कृषी केंद्रातली अधिकारी, रोगट रोपं बघणारी. पोलीस यायच्या आत झाडं कशानं मेली ते कळलं तर ठीक, नाही तर थ्वी गेलीच. एवढं मीरानला कळत होतं.

थ्वी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"पाणी कसं बनवतेस? सुरुवातीपासून सांग."

"विहिरीचं पाणी घेते. मीटर लावते. सामू जास्त आला तर आम्ल घालते. पाच पॉइंट आठवर आणते."

"आणि येतो तेवढा?"

"रोज येतो! देवाशपथ, ताई. तुम्ही स्वतः बघा."

मीरानने कलमांखालच्या तबकातल्या पाण्यात मीटर बुडवलं. पाच पॉइंट आठ. कलमांना हवा तसाच सामू, म्हणजे पीएच. पाणी अगदी शहाण्यासारखं वागत होतं आणि झाडं मरत होती.

तिनं तबकांवरची झाकणं उचलली. आत दमटपणा बरोबर. उष्णता बरोबर. काप तिरका, स्वच्छ. पलीकडच्या खोलीत ज्यांच्यापासून ही कलमं काढली ती मातृझाडं हिरवीगार डोलत होती.

"त्यांनाही याच विहिरीचं पाणी?"

"हो," प्यो म्हणाला. "पण तिथलं पाणी यंत्रच बनवतं. हिच्या खोलीतच काय ते हातानं करावं लागतं. म्हणूनच म्हणतोय मी—"

"तुम्ही जरा थांबा." मीरान तबकाच्या तळाशी बोट फिरवत होती. बोटाला पांढरट साका लागला. मग तिनं आम्लाची बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली. "ही नवीन आहे का गं?"

"नाही. आधी पटापट संपायची. हल्ली घालावंच लागत नाही. विहिरीचं पाणी आपोआपच बरोबर येतंय."

"आपोआप?"

"हो. मला वाटलं, बरंच झालं."

मीरानने बाटली खाली ठेवली. आमच्या डोंगरातलं पाणी चुनखडीचं, किटलीत थर धरणारं. ते आपोआप आंबट कसं व्हायला लागलं?

फाटकावरचा रखवालदार दल्सू भट्टीपाशी राख ओढत होता. मेलेली कलमं जाळणारा तोच.

"जाळताना कमी भरली कधी?"

"एकही नाही, बाई. प्यो साहेब समोर उभे असतात. मी मोजतो, ते मोजतात. माझ्यावर घालू नका हां!"

"राखेचं काय करता?"

"पोत्यात भरून इथे ठेवतो. कोणाला हवी तर नेतात. भाजीला बरी असते."

"आत जाता कधी?"

"मला दाराच्या आत पाऊल टाकायची सोय नाही. घंटा वाजते."

उरली थ्वीची सासू, बुन्नाम आजी; तीही इथेच कामाला. धुण्याच्या खोलीत ती तबकं घासत होती. कंबर वाकलेली, पण हात यंत्रासारखे चाललेले. गावात तिच्याइतकं बारीक सूत कोणी काढत नाही. मीटर आणि त्याच्या बाटल्या इथेच फळीवर असायच्या. या खोलीत झाडं नाहीत, म्हणून कॅमेराही नाही.

"आजी, सून कशी आहे कामाला?"

"चांगली आहे की." मान वर नाही. "पण घरी बसली असती तर हे झालं नसतं. बाईमाणसानं कशाला पडावं या लफड्यात!"

"इथे कोणी परकं आलेलं पाहिलंत?"

"कोण येणार? मी माझी तबकं घासते. तिच्या त्या पिवळ्या पाण्याला मी कधी हातसुद्धा लावला नाही."

मीरानने आजीकडे पाहिलं. मग फळीकडे. आणि ती बाहेर पडली.

ती थेट कामगारांच्या स्वयंपाकघरात गेली. उद्याच्या भातासाठी काळे घेवडे भिजत घातले होते, पाणी जांभळं झालं होतं. तिनं ते पाणी चार वाट्यांत ओतलं. प्यो आ वासून बघत राहिला.

"मॅडम, पोलीस यायची वेळ झाली आणि तुम्ही घेवडे काय—"

"बघा तरी." पहिल्या वाटीत तिनं व्हिनेगर टाकलं. पाणी लालबुंद झालं. दुसरीत नळाखालचं विहिरीचं कच्चं पाणी. निळं. तिसरीत थ्वीच्या तबकातलं पाणी.

तेही निळं. अगदी तसंच.

"पाच पॉइंट आठ असतं तर लालसरपणाकडे झुकलं असतं," मीरान म्हणाली. "मीटर खोटं बोलतंय. आता आजींना आणि थ्वीला इथे बोलवा. आणि फळीवरची ती पिवळ्या पाण्याची बाटली आणा."

गाडीचा आवाज आला तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते. दोन पोलीस आत आले. थ्वी भिंतीपर्यंत मागे सरकली.

"साहेब, पाच मिनिटं ऐका," मीरान त्यातल्या वयस्क हवालदाराला म्हणाली. "मीटर रोज सकाळी जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी हे पाणी कारखान्यातून येतं, पिवळं, सामू नेमका सात. ना आंबट, ना अल्कधर्मी. मीटरची काडी त्यात बुडवायची आणि काटा सातवर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. आता समजा, या बाटलीतलं पाणी सातचं नसून नऊचं असेल तर?"

"तर काय?"

"तर मीटर नऊला सात म्हणायला शिकेल. पुढे सगळंच दोननं कमी दाखवेल. विहिरीच्या चुनखडीच्या पाण्यालाही पाच पॉइंट आठ म्हणेल. म्हणून थ्वीला आम्ल घालावं लागत नव्हतं. म्हणून तबकात पांढरा साका. कलमं त्या पाण्यात मूळ धरेनात. ही पोर रोज नेमानं मोजत होती आणि स्वतःच्या हातानं त्यांना मारत होती. तिला काय माहीत!"

तिनं चौथ्या वाटीत बाटलीतलं पाणी ओतलं. जांभळं पाणी बघता बघता हिरवं झालं.

"इतकं अल्कधर्मी," मीरान म्हणाली. "आणि तळाशी करडी रेघ बघा. वास घ्या. हे राखेचं पाणी आहे."

"राख!" प्यो ओरडला. "दल्सू! भट्टी त्याचीच!"

"राख त्याची असेल. पण तो दाराच्या आत येत नाही. आणि नुसती राख कालवली तर पाणी गढूळ होतं. हे राख पेंढ्यावर पसरून, थेंब थेंब गाळून, फडक्यातून निवळून घेतलंय. कारखान्याच्या रंगाशी रंग जुळेपर्यंत. भांगेचं कापड मऊ करायला आमच्याकडे असंच पाणी काढतात. तुम्ही सोलचे, तुम्हाला ते ठाऊक नाही. थ्वीला सासूनं अजून हातमागाला हात लावू दिलेला नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. या इमारतीत असं पाणी काढणारी एकच बाई आहे." तिचा आवाज खाली आला. "आजी, पिवळ्या पाण्याचं मी नावसुद्धा काढलं नव्हतं. तुम्हीच काढलंत."

थ्वी सासूकडे बघत राहिली, जणू मीरान कोरियन नव्हे, भलतीच काही भाषा बोलत होती.

"आई?"

बुन्नाम आजीनं ओले हात एप्रनला पुसले. पुसतच राहिली.

"मला वाटलं, चार झाडं मरतील," ती म्हणाली. "साहेब ओरडेल, हिला काढून टाकेल. घरी बसेल. बस्स, एवढंच. पोलिसांचं मला कुठे माहीत होतं? झाड मेलं म्हणून पोलीस येतात असं आमच्या काळात कधी ऐकलं नाही!"

"पण का?" थ्वीनं विचारलं.

"नोकरी लागली तशी तू बदललीस. बँकेत तुझ्या नावाचं खातं. फोनवर सारखं तेगू शहर, तेगू शहर. शेजारच्या यांगजाची सून अशीच शहरात गेली, पोराला घेऊन. मुलगा गेला माझा, आता दासोमही गेली की मी कोणाकडे बघू? रात्ररात्र छातीत धडधडतं माझ्या. तुला काय कळणार ते!"

"मला कळणार नाही?" थ्वी म्हणाली. "तीन रात्री मी झोपलेल्या दासोमला धरून बसलेय. ती उद्या माझ्याजवळ नसेल म्हणून. तुम्ही शेजारच्या अंथरुणावर होतात. जाग्या होतात."



वयस्क हवालदारानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "मोजणी जुळते का, साहेब?"

"जुळते," प्यो पुटपुटला. "एकही कलम बाहेर गेलेलं नाही."

"मग अमली पदार्थाचं काही नाही. या पोरीवर काही नाही." त्यानं थ्वीकडे पाहिलं. "नुकसानीची तक्रार कंपनी करू शकते. आणि खोटा आळ तुझ्यावर आला, तेव्हा तुझंही म्हणणं लिहून घेऊ. बोल, बाई. सासूविरुद्ध लिहू?"

प्योही तिच्याकडेच बघत होता. ती म्हणेल तसं करायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नको," थ्वी म्हणाली.

आजीच्या तोंडून हुंदका निघाला. ती लगबगीनं पुढे आली, सुनेचा हात धरायला. थ्वी एक पाऊल मागे सरली.

"मी कुठेही जाणार नव्हते, आई. तेगूला माझी मैत्रीण आहे, तिच्याशी बोलायचे, एवढंच. तुम्हाला सोडून जायचं मनातसुद्धा आलं नव्हतं माझ्या." तिनं मान वर केली. "आज मात्र मी दासोमला घेऊन जाणार आहे. मला तुमचा राग नाही आलेला. पण मी राहिले, तर उद्या सकाळी तुम्ही तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवाल, आणि तो तिला देण्याआधी मला चाखून बघावासा वाटेल."