पुतळाबाईच्या पश्चिमेला

म्हाळू झोपली की मी लिहिते. आत्ताही ती मांडीवरच आहे, ओठांना सुकडीचा भुगा चिकटलेला. दुष्काळी कामावर लेकरांना सुकडी मिळते. माझी बाय ती पुरवून पुरवून खाते.

हे घर तुळजामावशीचं. मुरूमच्या अलीकडच्या गावात, पुतळाकाकूचं घर आणि मारुतीच्या देवळाची भिंत यांच्या मधे दाटीवाटीनं उभं असलेलं. मावशी जाताना ते मला देऊन गेली. तान्ह्या म्हाळूला पोटाशी बांधून मी अणदूरहून इथं आले. म्हाळूच्या बापानं माझा हात चुलीत धरला होता. पुढच्या खेपेला लेकीचा धरीन, म्हणाला होता.

तो सोसायटीचा सेक्रेटरी. कर्जापायी गावोगावच्या नोंदी बघायच्या, कुणाची जमीन किती, कुणाचं घर कुठं, हेच त्याचं काम. म्हणून घराला माझं नाव लागायची वेळ आली तेव्हा मी तलाठ्यांचे पाय धरले.

"नाव नका लावू, साहेब. न्हायतर लपवून लावा."

"लपवून?" ते हसले. "घर कुणाचं हे गावाला कळावं म्हणून तर नोंद असते, बाई. चावडीवर मोठ्यानं वाचावी लागते, कुणाची हरकत असली तर तो बोलतो. तुला एकटीला निराळा कायदा करू का?"

वाचायचं कोतवाल रामलिंगमामांनी. त्यांनी माझा हात बघितला होता.

"वाचावं तर लागंल, पोरी," ते म्हणाले. "पर कुणाच्या कानात ऱ्हायचं न्हाय, आसं वाचतो."

मला वाटलं, पुटपुटतील.

त्या दिवशी चावडीपुढं अख्खं गाव जमलं. टँकर यायचा होता, त्यामुळं बायाही घागरी घेऊन बसलेल्या. मामा खणखणीत वाचत होते. सिद्रामप्पांचं घर झालं. पुतळाबाईचं झालं. मग त्यांचे ओठ हलत राहिले, गळ्याची शीर ताणलेली दिसली, पण ऐकू काहीच आलं नाही. घागरीवर घागर आदळली, तिचाही आवाज आला नाही. पुढं मारुतीचं देऊळ आलं आणि आवाज परत आला.

"काकू, माझं नाव ऐकलंत का?"

"आलं आसंल की. म्या काय त्याच्या तोंडाकडं बघत बसले व्हय?"

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग शेण्या विकणारी दारावरून न थांबता जायला लागली. एकदा काकू आंबील घेऊन आली आणि गल्लीतच उभी राहून हाका मारत राहिली. "आगं सिते, तुजं घर कुठं गेलं?" मी दारातच होते, हाताच्या अंतरावर. बाहेर पाय टाकला तशी ती दचकली.

"आत्ता गं बया! भिंतीतनं आलीस का काय?"

दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी काकूनं माझ्या उघड्या दारातून राखेचं टोपलं आत उपडं केलं, उकिरड्यावर करतात तसं. मी आतून ओरडले. तिनं मान वर केली नाही.

मी मामांना गाठलं. "मामा, माझ्या घराला काय केलंत?"

"म्या काय केलं? वाचलं." ते घोटाळल्यासारखे माझ्याकडं बघत राहिले. "कुणाचं घर म्हनलीस?"

पण चावडीवर ऐकू आलं नाही म्हणून कागदावरची शाई पुसली जात नाही. परवा दुपारी गल्लीत सायकलची घंटी वाजली. मी ती ओळखली, म्हाळूच्या बापाची.

"पूर्वेला पुतळाबाईचं घर, पश्चिमेला मारुतीचं देऊळ," तो काकूला म्हणाला. "मधलं घर कुठाय, मावशी?"

"मधी काय आसतंय? भिंतीला भिंत हाय."

"कागदावर हाय की."

"मग कागदावर जाऊन ऱ्हावा."

त्यानं सायकल माझ्या चौकटीला टेकवली. उघड्या दारातली हवा तळहातानं चाचपली, भिंत चाचपावी तशी. बोटं माझ्या पदरापासून वीतभर होती.

म्हाळूला धरायला मी वळले.

म्हाळू जागेवर नव्हती.

ती उंबरा उतरून गेली होती. त्याच्या पायाशी.

"हे कुणाचं?" त्यानं वाकून तिला उचललं. पाळण्यातली सोडली तर त्यानं तिला पाहिलंच नव्हतं.

मी बाहेर पाऊल टाकलं असतं, तर त्याला दिसले असते.

"माज्या लेकीचं हाय," काकू म्हणाली. "आन हिकडं."

त्यानं दिली. सायकल काढली. गेला.

काकू माझ्यासाठी खोटं बोलली, की तिला खरंच तसं वाटलं, ते मी विचारलेलं नाही. म्हाळूला घ्यायला गेले तेव्हा तिनं चटकन सोडली नाही.

तिला कडेवर घेऊन घराकडं वळले. म्हाळू समोर बघत होती. मी पुढं चालायला लागले आणि तिनं किंकाळी फोडली. तेव्हापासून उंबऱ्याशी आलं की ती डोळे गच्च मिटते, आणि डोकं आपटू नये म्हणून दोन्ही हात पुढं धरते.

आज सकाळी तिला झोळीत निजवून पाण्याला गेले. परतले तर दाराच्या जागी माझा हात भिंतीला लागला. उन्हानं तापलेली भिंत. मी तिथंच इकडून तिकडं फिरत राहिले. शेवटी डोळे मिटले, तेव्हा कुठं आत येता आलं.

म्हाळू रडून रडून निळी पडली होती. बाहेर मला काहीच ऐकू आलं नव्हतं.