मुइरिशचं शेवटचं कडवं

फियाक्राचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आपल्या यंत्रावर मात्र होता. आयरिश भाषेतल्या म्हाताऱ्या कवींची कवनं मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करत तो आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्याने गावोगाव हिंडायचा. मुइरिशच्या घरी मात्र तो ठाणच मांडून बसला होता, कारण म्हातारा एका कवनाच्या शेवटच्या कडव्यापाशी रोज अडायचा.

कवन मुइरिशनेच तरुणपणी केलेलं, एका बुडालेल्या होडीवर. कागदावर ते कधी उतरलंच नाही.

“मी करायचो आणि विसरायचो,” तो म्हणाला. “पाठ असायचं आमच्या गोबनेटला. मी अडलो की चुलीपाशनं शब्द फेकायची. वर टोमणा, ‘म्हणे कवी!’”

म्हाताऱ्याची बायको गोबनेट मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्याबरोबर कडवंही गेलं असेल, तर कवन कायमचं लंगडं राहणार होतं. फियाक्राला त्याचं फार वाईट वाटे. म्हाताऱ्यावर त्याचा जीव जडला होता.

त्या दुपारी मुइरिश पुन्हा अडखळला. फियाक्राने ध्वनिमुद्रण लावून ऐकवलं. खरखर, म्हाताऱ्याचा आवाज, मग शांतता. आणि त्या शांततेत एका बाईने हलकेच पुढचा शब्द सांगितला.

फियाक्राने सुई तपासली. नळकांडं त्याने स्वतः तासून कोरं केलं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

“बघ, अजून मध्येच बोलते!” मुइरिशचे डोळे भरून आले. “आता मी गप्प बसतो. तिलाच म्हणू दे.”

त्याने फियाक्राला कपभर चहा ओतून दिला. फियाक्राने दुसरं कोरं नळकांडं चढवलं आणि यंत्र फिरू लागलं. विस्तवाची चुरचुर, खिडकीवर वारा. नळकांडं संपेपर्यंत मुइरिशने तोंड उघडलं नाही. फियाक्रा निमूटपणे चहा पीत राहिला.

मग त्यांनी ऐकलं.

बाईने अख्खं कडवं म्हटलं, कुठेही न अडता. फियाक्रा भराभर लिहीत गेला. कवन पुरं झालं होतं.

खरखर. मग त्याच मेणावर मुइरिशचा आवाज:

“झालं ना गं? थांब, येतो. पोराचा चहा संपू दे.”

फियाक्राने मान वर केली. “काका, हे तुम्ही कधी बोललात?”

“मी कुठं बोललो?” म्हातारा हसला. त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. “पी रे, गार होतोय.”

कपात एकच घोट उरला होता. संध्याकाळ झाली तरी फियाक्राने तो ओठांना लावला नाही.