थंड खोलीची कडी

किनाऱ्यावरच्या बीजसंग्रहातली थंड खोली सुट्टीच्या दिवशी उघडी राहिली आणि भाताच्या चारशे जुन्या वाणांची रुजण्याची ताकद गेली. किल्ली यमुना तांडेलकडे असायची, म्हणून संशयही तिच्यावरच आला. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होतीच, शिवाय तुरुंग.

चौकशी अधिकारी नाईकवाडे नऊ दिवस प्रयोगशाळेत ठाण मांडून होते. त्यांचा भरवसा माणसांवर नव्हता, ठसामापकावर होता. डोक्याला पट्टा बांधला की एखाद्या घटनेचा स्मृतिठसा किती खोल आहे, ते यंत्र शंभरपैकी आकड्यात सांगे. सत्तरच्या वर आकडा म्हणजे कृत्य घडलेलंच, असा खात्याचा नियम होता. एकच प्रश्न रोज अकरा वेळा, कधी सुलट, कधी उलट विचारायचा, हीदेखील खात्याचीच रीत.

पहिल्या दिवशी 'डाव्या हाताने कडी ओढून खोली उघडलीस का?' या प्रश्नावर यमुनाचा आकडा होता बारा. नवव्या दिवशी तो एक्याऐंशी झाला.

"चोराच्या मनात चांदणं," नाईकवाडे समाधानाने म्हणाले.

यमुना खाली बघत पुटपुटली, "मला आता आठवतंय, साहेब. कडी मीच ओढली असेन."

ठसामापक बनवणाऱ्या डॉ. शलाका बर्वे यांना ते ऐकवेना. आठवण दर वेळी नव्याने लिहिली जाते, त्यांनी समजावलं. प्रश्न ऐकला की मन ते दृश्य रंगवतं, आणि त्याचाही ठसा उमटतो. यंत्र घडलं की नाही ते सांगत नाही, मनाने ते किती वेळा गिरवलं एवढंच सांगतं.

"चौकशी म्हणजे माहिती काढणं, नाईकवाडे. तुम्ही ती आत घातलीत."

नाईकवाडे हसले. आरोपीची बाजू घेणारे तज्ज्ञ त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मग शलाकाताईंनी पट्टा त्यांच्याच डोक्याला बांधला आणि तोच प्रश्न विचारला. आकडा आला चौऱ्याण्णव.

"मूर्खपणा आहे. त्या दिवशी मी नागपुरात होतो, भाचीच्या लग्नात."

त्यावर यंत्राने दाखवले अकरा. साहजिकच होतं, त्या लग्नाबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नाईकवाडे पहिल्यांदाच घाबरले. मांडवाचा रंग आठवू लागले, तो येईना. डोळ्यांसमोर येत होती ती थंड खोली.

यमुनाने मान वर केली. नऊ दिवस ऐकलेल्या शांत सुरात तिने विचारलं, "कडी कुठल्या हाताने ओढलीत, साहेब?"

उत्तर द्यायच्या आधीच त्यांच्या डाव्या हाताची मूठ वळली.