चार अक्षरांची जागा

परदेशातून शिकून आले तेव्हा वाटलं होतं, नागपूरच्या आरोग्य कचेरीत संगणक कापडाखाली झाकलेला असेल आणि मीच तो गावांच्या कामाला लावीन. पाहते तर तिथल्या जुन्या कर्मचारी सिंधूताई त्यावर भिवापूरकडच्या मुलांच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीच्या याद्या काढत बसलेल्या! सत्याऐंशी सालचा मे होता. मला आनंदच झाला.

तिथली एक रीत होती. चालू प्रोग्रामला राखणाऱ्याचं नाव द्यायचं, म्हणजे पडद्यावर चालू कामं पाहिली की कोणाला हाक मारायची ते कळे. सी भाषेत हे सोपं. प्रोग्राम सुरू करायच्या ओळीतला पहिला शब्द म्हणजे त्याचं नाव, त्याच जागेवर दुसरी अक्षरं लिहिली की नाव बदलतं. माझ्या प्रोग्रामचं नाव इंग्रजी चार अक्षरांत ‘यादी’, त्याला लागूनच पुढचा शब्द गावाचा, ‘भिवापूर’. ‘यादी’च्या जागी मी ‘सुहा’ लिहिलं.

“सुहासिनीचं नुसतं ‘सुहा’ काहून केलं वं?” सिंधूताई हसल्या.

“जागाच चार अक्षरांची, ताई. जास्त लिहिलं तर शेजारचं भिवापूर पुसेल.”

“बळीरामभाऊ भांडला असता. अर्धं नाव त्याले चालतच नव्हतं.”

बळीरामभाऊ आधीचे ऑपरेटर, विडीचे शौकीन. गावोगाव फिरून मुलांच्या रक्ताचे नमुने त्यांनीच जमवले आणि यादी निघायच्या आत, पौषात, वारले.

चारच्या बसनं यादी गेली नाही, तर उद्याच्या शिबिरात डॉक्टर औषध देणार कोणाला? प्रोग्राम चालू ठेवून आम्ही माठाचं पाणी प्यायला बाहेर गेलो. उन्हात रस्ता ओस. परतलो तर संगणक चालूच, पण कूलर बंद, वाळ्याच्या वासात विडीचा वास मिसळलेला.

मी चालू कामं पाहिली. ‘सुहा’ नव्हतं.

‘बळीराम भिवापूर’.

“ताई... इथं कोण बसलं होतं?”

“कोणी नाही वं...”

प्रोग्राम थांबवायला माझं बोट कळेवर गेलं. सिंधूताईंनी मनगट धरलं.

“थांब... काम करून राहिला तो.”

प्रिंटर खडखडला. नव्वद मुलं, एकही सुटलं नाही. शेवटी प्रोग्रामनं स्वतःचं नाव छापलं : बळीराम. इंग्रजी सात अक्षरं, चारांच्या जागेत. शेजारचं भिवापूर शाबूत.

यादी चारच्या बसनं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं आणि प्रोग्रामचं मूळ नाव लांबवून सोळा अक्षरांचं केलं. बळीरामभाऊंना आता आडनावासकट बसता येईल.