पाच किलोची शेपटी

"मी त्याच्या शेपटीत पाच किलोचा दगड ठेवला!" भिंगरी खुर्चीतून ताडकन उठली. "पाच किलोचा! आणि हे सॉफ्टवेअर म्हणतंय, सगळं ठीक आहे!"

"दगड? कुठे?" पोपट टेबलाखाली वाकून शोधू लागला.

"अरे बावळटा, स्क्रीनवर! खरा नाही!"

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगरी, पोपट आणि हळूबाई ही तिघंच होती. सुट्टीतल्या विज्ञान मंडळाचं मोठं रॉकेट त्याच दिवशी चार वाजता मैदानावरून उडायचं होतं. तसं पाहिलं तर आता करायचं काहीच उरलं नव्हतं. पण जिच्या पायाला सदा भिंगरी लागलेली, तिच्या डोक्यालाही लागणारच की! सकाळी रॉकेट टेबलावरून उचलून हॉलमध्ये नेताना भिंगरीच्या हातात त्याची शेपटी धपकन खाली गेली होती. आठच दिवसांपूर्वी तेच रॉकेट तिच्या तळहातावर आडवं, शहाण्यासारखं पडून राहिलं होतं. शेपटी खाली गेल्यापासून तिला काही सुचत नव्हतं.

म्हणून तिने कॉम्प्युटर लावला होता. या सॉफ्टवेअरमध्ये रॉकेटचा एकेक भाग काढायचा, तो कशाचा आहे ते सांगायचं, की बटण दाबताच ते पडद्यावर उडून दाखवायचं. पडद्यावरच्या रॉकेटवर दोन ठिपके असत. निळा ठिपका वजनाचा मध्य दाखवी आणि लाल ठिपका हवेच्या जोराचा मध्य. निळा टोकाकडे आणि लाल शेपटीकडे असेल, तर रॉकेट सरळ जाणार. उलट झालं, तर ते कुठे जाईल याचा नेम नाही.

"मला काही बदललेलं दिसतच नव्हतं," भिंगरी म्हणाली. "मग वैतागून शेपटीत दगड टाकला. तर निळा ठिपका तसूभर हलला नाही! वजनही तेवढंच, सहाशे बारा ग्रॅम!"

"बिघडलंय! व्हायरस! किंवा सरांनी पासवर्ड टाकलाय! किंवा..." पोपटाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"थांबा जरा," हळूबाई म्हणाली.

हळूबाईला जेवायला पाऊण तास लागायचा आणि बुटाची नाडी बांधायला पाच मिनिटं. पण तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. ती सावकाश खुर्चीत बसली आणि सावकाश एकेक पान उघडू लागली. भिंगरी तिच्यामागे येरझारा घालत होती. "झालं का? अगं, सापडलं का?"

"हे बघ," हळूबाई अखेर म्हणाली. एका कोपऱ्यातल्या चौकटीत बारीकशी बरोबरची खूण होती. शेजारी लिहिलं होतं : वजन आणि तोल हाताने भरलेले.

"म्हणजे?"

"म्हणजे सरांनी गेल्या वर्षी रॉकेट तराजूवर ठेवलं, आलेलं वजन इथे भरलं आणि सांगून टाकलं, हेच धर. आता शेपटीत दगड ठेव नाहीतर हत्ती बसव, ते बेरीज करतच नाही!"

तिने खूण काढली. निळा ठिपका सर्रकन शेपटीच्या टोकाला जाऊन आदळला. दगड काढला, तेव्हा तो परत जागेवर आला.

"मग ठीकच आहे की," पोपट म्हणाला.

"चित्रातलं ठीक आहे. खऱ्याचं काय?" भिंगरी तोवर दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. तिघांनी रॉकेट अलगद उचलून प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवलं. सातशे साठ ग्रॅम! जवळपास दीडशे ग्रॅम कुठून आले? हळूबाईने चारही पंखांच्या कडा नखाने खरवडून पाहिल्या. चकचकीत लाल रंगाखाली एकावर एक थर दिसले.

"हे आपले हलक्या बाल्सा लाकडाचे पंख नाहीत. हे प्लायवूड आहे."

"सुतारकाका!" तिघं एकदम ओरडली.

सुतारकाका शाळेच्या मागच्या शेडमध्ये बाकाचा पाय बसवत होते. मुलांनी विचारताच त्यांची छाती फुगली. "मग! तुमचे ते पापुद्र्यासारखे पंख! रॉकेट उचलून ठेवायला गेलो तर एक मोडला. म्हटलं, पाहुण्यांसमोर शाळेची फजिती नको. चारही नवे करून दिले आणि रंगाचे तीन हात मारले. सरांना सांगितलं मी. ते म्हणाले, छान झालं!"

"आणि सरांनी सॉफ्टवेअरवर तपासलं का?"

"माझ्यासमोरच तपासलं. म्हणाले, काही फरक पडत नाही."

फरक पडला नव्हता, कारण ती खूण तशीच होती!

पळत परत येऊन त्यांनी पंख प्लायवूडचे केले. निळा ठिपका घसरत घसरत लालच्याही मागे गेला. हळूबाईने उडवायचं बटण दाबलं. पडद्यावरचं रॉकेट थोडंसं वर चढलं, मग पिसाळल्यासारखं गोल फिरलं आणि तिरपं जमिनीवर आलं.

"कुठे पडेल हे?" पोपटाने विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला होता.

"कुठेही," हळूबाई म्हणाली.

मैदानावर पहिल्या रांगेत छोटा गट बसणार होता आणि त्या रांगेच्या मधोमध भिंगरीचा धाकटा भाऊ टिल्लू. रॉकेट जवळून दिसावं म्हणून तो आठ दिवस सरांच्या मागे लागला होता. भिंगरी धावत सुटली.

सर मैदानावर शिडीवर चढून फलक बांधत होते. फलकावर हातभर अक्षरं होती : आज चार वाजता! उंची २५० मीटर!

"सर, रॉकेट उडवू नका! पंख जड झालेत! ते वाकडं जाईल!"

"परवाच तपासलंय मी," सर तोंडातली सुतळी न काढताच म्हणाले.

"पण सर, ती खूण..."

"भिंगरी!" सरांनी सुतळी काढली. "गेल्या वर्षी मोजणी 'तीन'वर असताना बटण कोणी दाबलं होतं? तुला धीर म्हणून नाही. पाहुणे येणार, माइक अजून आला नाही, आणि तू मला रॉकेट शिकवतेस? जा, फुगे फुगव!"

सर एवढ्यावरच थांबले नाहीत. खाली उतरून त्यांनी रॉकेट बाहेर काढून प्रयोगशाळेला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि रॉकेट हॉलमध्ये लाल फितीच्या आत नेऊन ठेवलं. फितीवर पाटी लावली : हात लावू नये.

भिंगरीने तीन फुगे फुगवले आणि तिन्ही फोडले. तिला रडू येत होतं, आणि रडायला वेळ नव्हता. गेल्या वर्षीची चूक तिचीच होती, ते तिला मान्य होतं. पण म्हणून आजचं खोटं कसं ठरतं? दीड वाजून गेला होता.

"सर आपलं ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे."

"दोरीने बघता येतं," हळूबाई म्हणाली. "वजनाच्या मध्यावर दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गोल फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर रॉकेट नीट आहे. पण हात लावायचा नाही ना?"

"आपण नाही लावायचा," भिंगरी थबकली. "पण सुतारकाकांना कोण अडवणार? त्यांना मोठे सरसुद्धा काका म्हणतात! पोपट, तुझ्या तोंडाचा आज उपयोग आहे!"

पोपट शेडमध्ये गेला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण मुलं म्हणताहेत, नव्या पंखांना जोराचं वारं सोसणार नाही."

"कोण म्हणतं?" काकांनी हातोडी आपटली. "चाळीस वर्षं लाकूडकाम करतोय!"

"मीही तेच म्हटलं! दोरीला बांधून काकांनी गरागरा फिरवलं ना, तरी पंख हलायचा नाही!"

"आण दोरी!"

काका तरातरा हॉलमध्ये गेले, फीत ओलांडली आणि रॉकेट घेऊन मैदानात आले. इंजिन अजून कपाटात होतं, म्हणून हळूबाईने तेवढ्याच वजनाची वाळू पुड्यात बांधून शेपटीत बसवली. रॉकेट बोटावर तोलून बरोबर मध्यावर दोरी आवळली आणि गाठीवर चिकटपट्टी लावली. काकांनी हात उंचावला आणि रॉकेट डोक्याभोवती फिरू लागलं.

"काका! अहो काका, हे काय करताय!" सर शिडीवरून उडी मारून धावत आले.

"पंख बघा, सर! हलला का एक तरी?"

पंख खरंच हलला नव्हता. पण रॉकेट शेपटी पुढे करून उलटं धावत होतं! काकांनी थांबवून पुन्हा फिरवलं. दोन फेऱ्या ते डगमगलं आणि परत शेपटी पुढे!

सर बघतच राहिले. ते घाईत होते, पण विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांना समजवायची कोणाला गरज पडली नाही.

"मी परवा तपासलं होतं..." ते पुटपुटले.

"वजन हाताने भरलेलं होतं, सर. गेल्या वर्षीचं," भिंगरी म्हणाली. "ती खूण काढायची राहिली."

सरांनी पहिल्या रांगेतल्या छोट्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून तिच्या हातात दिली. "चला! दोन वाजून दहा मिनिटं झालीत. काय करता येईल?"

मग जी धावपळ उडाली! नवे पंख चिकटवून वाळायला वेळ नव्हता. टोकात वजन घालणं एवढाच मार्ग होता. हळूबाईने सॉफ्टवेअरमध्ये टोकाला आधी पन्नास ग्रॅम माती घातली, मग सत्तर, मग नव्वद. नव्वदला निळा ठिपका लालच्या पुरेसा पुढे आला.

"मिळालं!" पोपटाने उडी मारली.

"पण उंची बघा," हळूबाई म्हणाली. "एकशे चाळीस मीटर."

सर्वांनी सरांकडे पाहिलं. बाहेरचा फलक साऱ्या गावाने वाचला होता.

"आणि उडवायच्या उभ्या दांडीवरून सुटताना सरळ जाण्याइतका वेग आहे का?" सरांनी विचारलं.

"पुरेसा आहे, सर."

"मग एकशे चाळीस तर एकशे चाळीस," सर म्हणाले. "पोपट, फलकावर काट मार आणि खरा आकडा लिही. आणि खुर्च्या तीस पावलं मागे घ्या."

त्यांनी टोकात माती ठासली, काकांनी पुन्हा दोरी फिरवली, आणि या वेळी टोक पुढे राहिलं. तरी भिंगरीचं समाधान होईना. तिने ते आणखी दोनदा फिरवायला लावलं. काका कुरकुरले, पण त्यांनी फिरवलं.

चार वाजता मैदान भरलं. टिल्लू मागे सरकवल्यामुळे फुगून बसला होता. सरांनी माइक घेतला. पाच, चार, तीन, दोन, एक!

रॉकेट सुसाट सुटलं, रेघ मारल्यासारखं सरळ! भिंगरी श्वास रोखून बघत होती. आता वळेल, आता वळेल... ते वळलं नाही. वर जाऊन क्षणभर थांबलं, नारिंगी पॅराशूट फटकन उघडलं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्यावर सर पुन्हा माइकवर आले. "फलकावरची काट तुम्ही पाहिलीच असेल. चूक माझी होती. ती या तीन मुलांनी शोधली, आणि मी त्यांना हाकलून दिल्यावरही त्यांनी सोडली नाही. आज तुमची मुलं सुखरूप घरी जाताहेत ती यांच्यामुळे. भिंगरीला धीर नाही, असं मी म्हणालो होतो. बरं झालं नव्हता!"

"आणि पंख?" मागून सुतारकाका ओरडले.

"पंख एक नंबर, काका! पण पुढच्या वेळी आधी हळूबाईला विचारा!"

सगळं मैदान हसलं. पाहुण्यांनी पोपटाशी हात मिळवला आणि पुढची दहा मिनिटं त्यांना तो सोडवून घेता आला नाही. भिंगरी मात्र गवतावर बसली होती. दिवसभर न थांबलेले तिचे पाय आता थांबले होते, आणि काहीही कारण नसताना डोळे भरून आले होते.

सर येऊन तिच्याशेजारी गवतावरच बसले.

"भीती वाटली होती?"

"खूप," भिंगरी म्हणाली. "टिल्लू पुढे बसणार होता ना."

सरांनी समोर पाहिलं. रॉकेटच्या मागे धावणाऱ्या पोरांत टिल्लू सगळ्यात पुढे होता.

"मला ती भीती आत्ता वाटतेय," सर म्हणाले.