हुंकाराची जागा

बसा असे, दिवा थोडा जवळ ओढून घ्या. एकच विनंती आहे. मी सांगत असताना मध्येमध्ये 'हं' म्हणू नका. तुम्ही ऐकताय हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळेल. पाहुण्यांना अशी अट घालणं बरं दिसत नाही, पण माझाही नाइलाज आहे.

माझा धंदा कात्रीचा. शिंपी नाही मी, आवाज कापतो. वर्गात मागे पडलेल्या, शाळेवरून मन उडालेल्या मुलांना पुन्हा उभारी यावी म्हणून आमची छोटी संस्था गोष्टी ध्वनिमुद्रित करते आणि शाळाशाळांतून ऐकवते. सांगणारा खोकला, खुर्ची करकरली, घोट गिळल्याचा आवाज आला, की तो काढून टाकायचं काम माझं. सगळ्यात जास्त मी काय कापत असेन, तर शांतता. गोष्ट तासिकेत बसवायची म्हणजे तिथेच काटकसर करावी लागते, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

गोष्टी सांगायच्या त्या बाई. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणायचे. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने अगदी काडी, पण आवाज घोगरा आणि मायेचा. घशासाठी सतत तोंडात लवंग. ध्वनिमुद्रणाची खोली जिन्याखाली आहे. भिंतींना जाड रजया ठोकलेल्या, खिडकी नाही, दार लावलं की भर दुपारीही आत मिट्ट काळोख. बाईंच्या पुढ्यात एक छोटा दिवा असायचा आणि मधल्या काचेच्या अलीकडे माझं टेबल.

बाईंची एक खोड होती. दोनतीन वाक्यं झाली की त्या थांबायच्या, आणि असं थांबायच्या की मला वाटायचं वीज गेली. मी एकदा चिडून म्हणालो, की बाई, तुम्ही थांबता तेवढ्यात पोरं डबा खाऊन हात धुऊन येतील.

"अहो, तिथे हुंकार आहे," त्या म्हणाल्या. "मूल 'हं' म्हणाल्याशिवाय पुढे कसं जायचं?"

"इथे कुठलं मूल आलंय, बाई?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

मी हसण्यावारी नेलं. मग त्यांनी मला नियमही सांगितला, की हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्याने थांबायचं नाही. ऐकणारा झोपला की मगच गोष्ट मिटवायची. खोटं कशाला बोलू, कधीकधी त्यांच्या थांबण्याच्या जागी काहीतरी बारीकसं वाजायचं खरं. भिंतीत नळ आहे, त्याचा आवाज असेल म्हणून मी तेही कापायचो.

बाईंची शेवटची गोष्ट एका शाळेच्या घंटेची होती. घंटेला चीर जाते, आवाज फाटका येतो, सगळे हसतात. घंटा वाजायचंच सोडून देते. मग एके दिवशी दाट धुकं पडतं, पोरं मैदानात वाट चुकतात, हाका मारतात. "आणि मग घंटेने ठरवलं, की..." इथे बाईंना खोकला आला. उरलेलं उद्या सांगते म्हणाल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की बाई झोपेतच गेल्या. मी खूप रडलो. तोवर मला वाटत होतं, आमचं फक्त भांडण आहे.

आता माझ्या मुलीचं सांगतो. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी कधी ठरली नाही. पण ती बोलताना अडखळते. बाई गेल्यानंतर काही महिन्यांनी ती वर्गात मोठ्याने धडा वाचत होती, एका शब्दावर अडली आणि पोरं हसली. झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पोट दुखायला लागलं. घरात पोट अजिबात दुखत नसे, दप्तर दिसलं की दुखे. पुढेपुढे ती घरातही खुणांनीच बोलायला लागली. आई समजावून थकली, मी रागावून पाहिलं. माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत मुकी होत चालली होती आणि मला काही सुचत नव्हतं.

शेवटी मी ती अर्धी राहिलेली घंटेची गोष्ट घरी आणून तिला ऐकवली. अर्थात माझ्या कात्रीतून गेलेली, एकदम आटोपशीर. तिने थोडं ऐकून हेडफोन काढून ठेवला.

"बाबा, या बाई म-मला जागाच ठेवत नाहीत. मी 'हं' कुठे म-म्हणू?"

कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली होती. घरात गोष्ट सांगायची सवय आम्हा नवराबायकोला नाही. हुंकार द्यायचा असतो हे तिला कुणी शिकवलं, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट दुखलं, तेव्हा दुपारी मी तिला कामावर घेऊन गेलो. बाईंच्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि न कापलेलं मूळ ध्वनिमुद्रण सुरू केलं. अलीकडे मीही हेडफोन लावून बसलो. बाई दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या.

"हं."

भिंगरीचा आवाज. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग लक्षात आलं, की तिच्या समोरचा माइक बंद आहे. काचेतून आवाज येत नाही. माझ्या कानात फक्त जुनं ध्वनिमुद्रण वाजत होतं.

पुढच्या वेळी मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. बाई थांबल्या. भिंगरीचे ओठ हलले, आणि त्याच क्षणी माझ्या कानात आला तोच आवाज, तिच्या कायमच्या सर्दीसकट... "हं." हे मुद्रण झालं तेव्हा तिने या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

तिला उठवून बाहेर आणायला हवं होतं. पण तिचे खांदे सैल झाले होते, चेहरा पूर्वीसारखा उजळला होता. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता. मी तसाच बसून राहिलो.

"आणि मग घंटेने ठरवलं, की..." बाईंचा खोकला, मग शांतता. भिंगरीने माइककडे बोट दाखवलं. ओठांवरून कळलं, चालू कर ना, बाबा.

मी माइक चालू केला आणि तिने गोष्ट पुढे सांगितली. अडखळत होतीच. एरवी अडली की ती शब्द गिळून गप्प व्हायची. त्या दिवशी अडली की नुसती थांबायची, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी, आणि मग पुढे जायची. घंटा वाजते, तिच्या गोष्टीत. फाटकीच वाजते. पण धुक्यात तिकडे आणखीही घंटा असतात, देवळाच्या, आगीच्या बंबाच्या. त्यांतून पोरांना हीच ओळखू येते, कारण ही चिरलेली आहे. ही आपली, म्हणतात, आणि तिच्या आवाजामागून शाळेत येतात.

"स-संपली," ती म्हणाली. मी काचेआड डोळे पुसत होतो.

मग तिच्या गोष्टीचं मुद्रण मी लावून ऐकलं. जिथे जिथे भिंगरी अडली होती, तिथे तिथे माइकच्या अगदी जवळून, घोगरं, मायेचं... "हं." कसलीही घाई नाही. शेवटी 'संपली' नंतर बराच वेळ काही नव्हतं. मग हळूच आलं,

"मग?"

आतलं दार उघडलं तेव्हा लवंगेचा वास आला.

भिंगरी आता शाळेत जाते. तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला होता. मोठ्याने वाचते म्हणाल्या. अडली की थांबते, आणि कसं कोण जाणे, सगळा वर्ग 'हं' म्हणतो, मग पुढे वाचते. बायकोने त्या दिवशी साऱ्या शेजाऱ्यांना फोन केले. मी शांतता कापणं सोडलंय, गोष्टी तासिकेत बसत नाहीत म्हणून बोलणीही खातो. आणि घरात कुणी 'हं' म्हटलं, की आधी मोजून घेतो, समोर माणसं किती बसली आहेत. म्हणून ती अट.

एक कोडं मात्र मला सुटत नाही. शाळा सुटली की भिंगरी सरळ माझ्याकडे येते, जिन्याखालच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. रोज नवी गोष्ट. काल मी आत डोकावून म्हणालो, पुरे आता, घसा बसलाय तुझा, घरी चल.

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी दबक्या आवाजात, एकदाही न अडखळता म्हणाली,

"बाबा, थांबता येत नाही... बाईंना अजून झोप लागलेली नाही."