पालथा राजपुत्र

"आत्या, चित्र गेलं!" तेल्मो दोन-दोन पायऱ्या ओलांडत बागेत आला. "रंग आहेत, ब्रश आहेत, भिंतीशी टेकवलेलं चित्र तेवढं गायब!"

युलालियाआत्याच्या हातातलं बटाट्याचं ऑम्लेट तसंच राहिलं.

ईस्टरची सुट्टी लागल्यापासून तेल्मो, मोठी मायते आणि धाकटी चुस या तिघा भावंडांनी आत्याचं डोकं खाल्लं होतं. शेवटी आज ती त्यांना वाल्देफ्रेसाच्या राजवाड्यात घेऊन आली. सकाळी दरबार बघून झाला. राण्यांच्या हातपंख्यांपुढे चुस इतकी रेंगाळली, की तेल्मोला तिला ओढत न्यावं लागलं! मग चित्रदालन. तिथल्या एका जुन्या चित्राची आत्या महिनाभर नक्कल करत होती. हातात डाळिंब घेतलेला छोटा राजपुत्र! नक्कल मूळ चित्राच्या मापाची करायची नाही, असा तिथला नियम. म्हणून आत्याने लाकडी फळीवर चारही बाजूंनी कोरी पट्टी सोडून राजपुत्र जरा लहान काढला होता. शेवटचा रंग आज सकाळीच दिला होता, आणि धूळ बसू नये म्हणून फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

हे चित्र बेनिग्नाआजींसाठी होतं. आज संध्याकाळी त्यांचा नव्वदावा वाढदिवस. पूर्वी त्या याच दालनाच्या राखणदार होत्या. आत्या लहानपणी दारात घुटमळायची, तेव्हा त्यांनीच तिला आत घेतलं, बसायला स्वतःची उशी दिली. "त्यांनी हाकललं असतं, तर मी कधी ब्रश धरला नसता," असं आत्या नेहमी म्हणायची. आता आजींना वृद्धाश्रमाबाहेर पडवत नव्हतं.

सगळे वर दालनात धावले. दालनाचे प्रमुख इलारियोसाहेब घाईत होते. "कुठेतरी ठेवून विसरला असाल, बाई! कलाकार माणसं तुम्ही! सुट्टीनंतर बघू."

"सुट्टीनंतर? वाढदिवस आज आहे!" मायते फणकारली.

"जाऊ दे गं. केक घेऊन जाऊ," आत्या म्हणाली. पण ब्रश आवरता आवरता ती पुन्हा पुन्हा रिकाम्या भिंतीकडे बघत होती. पोरांना ते बघवेना.

"चला, शोधू या!" तेल्मो म्हणाला.

मागच्या व्हरांड्यात चुस एकदम थांबली. "ए, ते खालचे काका वेडे आहेत का?"

खाली सुतारखोलीच्या खिडकीत चार डोकी दिसत होती. एकाने ओठ चावला. समोरच्याने डोळा मारला. तिसऱ्याने जिभेचं टोक बाहेर काढलं आणि पटकन आत घेतलं!

"वेडे कसले! पत्त्यांचा मुस खेळताहेत," तेल्मो हसला. "आजोबा कॅफेत नाही का, हातात कुठले पत्ते आलेत ते जोडीदाराला अशाच खुणांनी सांगत!"

"पण कशावर खेळताहेत?" मायतेने विचारलं. "टेबलाला तर वॉर्निश लावून बाहेर वाळत ठेवलंय. मघाशी आपण त्याला हात लावला म्हणून किती ओरडले!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सुतारखोलीकडे धूम ठोकली!

दोन खोक्यांवर एक फळी आडवी ठेवलेली. तिच्यावर पत्ते आणि कॉफीचे कप. मायतेने वाकून खालून बघितलं, तर डाळिंब!

"काका, ही फळी आमची आहे! खाली चित्र आहे!"

"कसलं चित्र? फळी ती फळी!" राखणदार फर्मिन पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. "भिंतीशी कोरी पडली होती. डाव संपला की न्या. मध्येच कोणी हात लावायचा नाही!"

पण डाव काही संपेना. कोणीतरी मूठ आपटली, कॉफी हिंदकळली आणि ओघळ कडेकडे निघाला. ओढाताण करावी, तर ओला रंग फासला जाणार! मायतेने चुसच्या कानात काहीतरी सांगितलं. चुस स्टुलावर चढली.

"लाल टोपीवाल्या काकांनी ओठ चावला! दोन राजे!"

"ए पोरी, गप!"

"फर्मिनकाकांनी डोळा मारला! एकतीस गुण!"

"अरे, हिला कोणीतरी आवरा!"

"दाढीवाल्या काकांची जीभ! दोन एक्के!"

"संपला डाव!" फर्मिनने पत्ते फेकले. बाकीचे तिघे पोट धरून हसत होते.

"मग कप उचला," मायते म्हणाली. "सावकाश!"

फळी अलगद उलटली. खोकी फक्त कोऱ्या पट्टीला टेकली होती. डाळिंबासकट राजपुत्र सुखरूप!

फर्मिनचा चेहरा उतरला. "अरे देवा! कोणासाठी काढलंय हे?"

"बेनिग्नाआजींसाठी."

त्याने टोपी काढली. "मला काम त्यांनीच शिकवलं. आणि मी त्यांच्याच भेटीवर पत्ते कुटत बसलो!"

मग तोच सगळ्यांना गाडीतून वृद्धाश्रमात घेऊन गेला. इलारियोसाहेबही फुलं घेऊन आले. "मी सुट्टीनंतर बघणार होतो. या पोरांनी आज बघितलं. शाबास रे!" ते म्हणाले. आत्याने तिघांना एकदमच कवेत घेतलं.

बेनिग्नाआजी चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आवडलं नाही का?" चुसने हळूच विचारलं.

"राजा, तीस वर्षं मी याच्या खालच्या खुर्चीत बसले. लोकांवर नजर ठेवायची, म्हणून कायम याच्याकडे पाठ." आजींनी डोळे पुसले आणि तिचा हात धरला. "माझी खुर्ची जरा फिरव बाळा. आज मला याच्यासमोर बसू दे."